खालून वर लिहिलेलं पान

दत्तू, परवा तुझी तेरवी झाली. वरण पातळ होतं, पण लोक जेवले. तुझ्या हाताखालून गेलेली पोरं, आता मिशा ठेवलेली, लांबलांबून आली होती. एक तलाठी आहे, एक मलकापूरला कापसाच्या अडतीत लिहायचं काम करतो, एक खामगावच्या कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहितो. हात धुताना जो तो हेच सांगत होता की मास्तरांनी आमचं अक्षर घडवलं. ते खरंच आहे.

गेलेल्या माणसाशी लोक गोड बोलतात. मी तुझी मोठी बहीण, तू जिवंत असताना तुझ्याशी गोड बोलले नाही. आता सुरू केलं तर तूच म्हणशील, बाई भ्याली.

तुला पहिलं अक्षर मी शिकवलं, हे त्या पंगतीत कोणालाच माहीत नव्हतं. मी तिसरी पास झाले आणि तुला सांभाळायला घरी बसले. तू कडेवर आलास आणि माझी शाळा संपली. मग चुलीतली राख परातीत पसरून, तुझं बोट धरून मी 'अ' काढला. राख विस्कटली म्हणून तू पहिल्याच दिवशी रडलास. बाजूची राख तळव्यानं सारखी केल्याशिवाय पुढचं अक्षर काढायचा नाहीस. मला त्याचं कौतुक वाटायचं.

पुढं तू मास्तरकीची नॉर्मल परीक्षा पास होऊन मास्तर झालास, माझ्या सासरच्याच गावी तुझी बदली झाली आणि तू इथलाच झालास. माझे मालक गेले तेव्हा तू रोज दिवेलागणीला ओट्यावर येऊन बसायचास. समजूत घालायचा नाहीस. मोठ्यानं पेपर वाचायचास आणि मी मिरच्यांचे देठ खुडत ऐकायची. त्या दिवसांत तू नसतास तर मला वेड लागलं असतं. हे तुला कधी सांगितलं नाही. तुला ते माहीत होतं.

वर्गात मात्र तू दुसरा माणूस होतास.

शाळेच्या दारात पाण्यानं भरलेलं घमेलं असायचं. पोरं मिरची तोडून, कापूस वेचून यायची. त्यांनी कोपरापर्यंत हात धुवायचे, तुला दाखवायचे आणि मग वहीला शिवायचं. टाक दौतीत बुडवला की कडेला टेकवून जास्तीची शाई गाळायची. डावीकडे दोन बोटं जागा सोडायची. शब्दाची वरची रेघ मध्ये तुटू द्यायची नाही. चुकलं तर गिरगिटवायचं नाही, बारीक आडवी रेघ मारून पुढं जायचं. हे सगळं चांगलं होतं. ज्यांच्या घरात कागद यायचा तो किराण्याच्या पुडीचाच, त्या पोरांना पान म्हणजे काय असतं ते तू दाखवलंस.

पण डाग पडला की तुझा रूळ पोराच्या बोटांच्या पेरांवर बसायचा. पान टरकन फाडून ते त्याच्या पाठीवर, सदऱ्याला बाभळीच्या काट्यानं टोचायचास आणि तसंच भर बाजारातून घरी पाठवायचास. कुंभाराचा लक्ष्मण एकदा भीतीनं तुझ्यासमोर चड्डीत मुतला. तू त्याला विचारलंस, वही तर भिजली नाही ना. ही गोष्ट गावानं वर्षभर हसत सांगितली. मीही हसले.

आणि तुझी ती खालून लिहायची रीत. कित्त्याच्या पानावर पहिली ओळ तुझ्या हातची, बाकी पान पोरानं तेच वाक्य लिहून भरायचं. तुझ्या ध्यानात आलं की पोरगं पहिली ओळ तुझी बघून लिहितं, पण दुसरी ओळ स्वतःची पहिली बघून लिहितं, आणि तिसरी स्वतःची दुसरी बघून. एकदा काना वाकला की खाली खाली तो आणखीच वाकत जातो आणि शेवटची ओळ दारू प्यायल्यासारखी होते. म्हणून तू पोरांना तळाच्या ओळीपासून सुरुवात करून वर चढायला लावलंस. मधलं पान कोरं, त्यामुळे नजर सरळ तुझ्या अक्षरावर. सगळ्या ओळींत वाक्य एकच, तेव्हा पान भरल्यावर ते खालून लिहिलंय हे कोणाला कळायचंही नाही. डोकं होतं तुला, मी नाही म्हणत नाही.

फक्त खालची शाई ओली असायची आणि मनगट तिच्यावरच टेकायचं. टीपकागद तुला चालत नव्हता, त्यानं अक्षर फिकं पडतं म्हणायचास. मग एक ओळ झाली की हात वर. ती वाळेपर्यंत सगळा वर्ग हात वर करून बसलेला असायचा. ज्याचा खाली आला त्याला रूळ.

माझ्या लेकाची, वासुदेवाची पुष्पा तुझ्या वर्गात आली आणि तिचा हात कधीच खाली आला नाही. दंड थरथरायचा, ओठ आवळलेले असायचे, पण हात वर. तिची वही तू दुसऱ्या शाळांच्या मास्तरांना दाखवायला न्यायचास. एकदा ओट्यावर पेपर बाजूला ठेवून म्हणालास, "बाई, हे पोरगी माह्याहून चांगलं लिहिते." तू असं कोणाबद्दल म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

वासुदेवाला पोरीला शिकवायची हौस नव्हती. मी मागे लागले म्हणून त्यानं एक कबूल केलं. चौथीला केंद्राच्या परीक्षेत पास झाली तर खामगावला तिच्या मावशीकडे ठेवून पुढं शिकवीन, नापास झाली तर तिनं खुरपं हातात घ्यायचं. हे तो तुझ्यासमोर बोलला. तू हसलास. पास काय, पहिली येईल म्हणालास.

महाराष्ट्र होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. परीक्षेला नवा साहेब येणार होता, पुण्याकडचा. तू धोतर दोनदा धुतलंस आणि आठवडाभर आमच्याशीही पुस्तकातलं बोलत होतास. बैलगाडीत पोरं भरली. पोरगी एकटी पुष्पाच, म्हणून भाकरी बांधून मी सोबत आले. केंद्राच्या शाळेच्या दारात तू सगळ्यांना उभं करून बजावलंस की कित्त्यात लिहिता तसंच लिहायचं, इकडचं तिकडं करायचं नाही, साहेब अक्षर बघतो.

पोरं आत गेली. मी व्हरांड्यात खिडकीशी बसले.

गाईवर निबंध लिहायचा होता. पुष्पानं हात पुसले, टाक गाळला, दोन बोटं जागा सोडली आणि पानाच्या तळाशी पहिली ओळ लिहिली. मग हात वर केला. ओळ वाळली तशी तिच्यावरची लिहिली, आणि पुन्हा हात वर. दुसऱ्या शाळेचं एक कार्टं म्हणालं, साहेब, हिले मुतायला जायचं. पोरं खिदळली. तिनं मान वर केली नाही.

तेव्हा निबंध तिथल्या तिथं तपासत. साहेबानं तिचं पान हातात घेतलं आणि आधी खूश झाला, असं पान त्यानं त्या दिवशी दुसरं पाहिलं नव्हतं. मग वाचू लागला, वरून. आधी गाय आपली माता झाली, मग मेल्यावर तिचं कातडं कामी आलं, मग तिनं दूध दिलं, आणि सगळ्यात शेवटी तिला चार पाय आले. साहेब मोठ्यानं वाचत होता आणि सगळी खोली हसत होती. त्यानं विचारलं, हे असं कोणी शिकवलं. तिनं तुझ्याकडे पाहिलं.

तू भिंतीशी उभा होतास. तुला खिडकीतून मी दिसत होते. तू म्हणालास, "घरी हिची आजी शिकवते, साहेब. अडाणी आहे. काहीतरी भलतंच शिकवलं असेल."

अडाणी हा शब्द मला नवा नव्हता. सासूनं म्हटलं होतं, जावांनी म्हटलं होतं. पण तुझ्या बोटानं राखेत 'अ' काढणारी मी, त्या साहेबासमोर तुला दुसरं कोणी सापडलं नाही.

बाकीची पोरं निबंध वरून लिहून मोकळी झाली. शाईचे ओघळ, वाकड्या ओळी, पण वरून. तू दारात काय बजावलंस ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. तुझं न ऐकणारे सगळे पास झाले, दत्तू. तुझं ऐकणारी एक होती, ती नापास झाली.

परत येताना गाडी नाल्यापाशी पोचायच्या आत पोरांनी 'उलटी पुष्पी' सुरू केलं होतं. तू पुढं गाडीवानाशेजारी बसला होतास. मागं वळून पाहिलं नाहीस. सोमवारी वर्गात सांगितलंस की आता वरून लिहायचं. कारण सांगितलं नाहीस आणि विचारायची कोणाची छाती नव्हती. मला ते कळलं तेव्हा मी समजले, तुला सगळं माहीत आहे.

मी वासुदेवाला खरं ते सांगितलं. तो म्हणाला, तू नातीची बाजू घेशीलच, पण मामा म्हणाले की चूक त्यांची, तर पुढच्या साली पोरीला पुन्हा बसवतो. बघ, एवढंच होतं. तू चार पावलं चालत येऊन एक वाक्य बोलायचं होतं. तू महिनाभर ओट्यावर आला नाहीस. शेवटी मीच तुझ्या घरी आले. तू वह्या तपासत होतास.

"साहेबाले काऊन नाही सांगितलं?"

"बाई, तो पुण्याचा माणूस. साऱ्या जिल्ह्यात माह्यं हसं केलं असतं त्यानं."

"अन् पुष्पीचं झालं ते?"

तू टाक दौतीत बुडवलास, कडेला टेकवलास. "ते पोरगी आहे. चार दिवसांनी विसरून जाते ते."

वासुदेवाला तरी सांग म्हणाले. त्याला सांगितलं तर गावाला कळेल, आणि गावाला कळलं तर उद्या पोरं मला मास्तर म्हणतील का, असं तू मलाच विचारलंस. ज्या माणसाला पाहून पोरं मुतायची, त्याला पोरांची एवढी भीती होती.

पुष्पानं खुरपं हातात घेतलं. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं, तिकडे संग्रामपूरच्या बाजूला. तिचं ते नाव तिच्या आधी तिथं पोचलं होतं. भाकरी करपली की सासू म्हणायची, उलटीच हाय ते, मास्तरच्या घरची असून. चार दिवसांनी विसरायचं होतं ते असं.

महिन्यानंतर तू ओट्यावर पुन्हा यायला लागलास आणि मी तुला येऊ दिलं. दर भाऊबीजेला तुला ओवाळताना मी सांगायची, दत्तू, ताटात ते एक वाक्य टाक, दुसरं काही नको. तू खण टाकायचास. खणाच्या चोळ्या मी शिवल्या आणि घातल्या. कापडानं माझं काय वाकडं केलं होतं. तेरा भाऊबीजा हेच चाललं. तुझी बायको म्हणायची, बाई, सणासुदीला तरी सोडा. तुझी बायको चांगली आहे. तिला मी कधी काही बोलले नाही.

या पावसाळ्याआधी तुझी उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डावा हात तेवढा हलत होता. सुनेनं तुझ्या हातात पाटी दिली, काय हवं ते लिहा म्हणून. मी पुष्पाला निरोप धाडला. ती पोरीला घेऊन आली. पोरगी सहा वर्षांची आहे, तिचंही नाक पुष्पासारखं बसकं. पुष्पा तुझ्या खाटेशी बसली. तू तिला ओळखलंस. डोळ्यांतून पाणी काढलंस. मी आतून उठून दारात आले, आणि तुझी सून हातातलं काम टाकून भिंतीशी उभी राहिली. तू पाटी मागितलीस.

फार वेळ लागला तुला. लेखणी घसरत होती. तू पुन्हा पुन्हा मागं येऊन वरची रेघ जोडत होतास. आम्ही तिघी पाटीकडे बघत होतो. पुष्पानं पाटी उचलली आणि मोठ्यानं वाचलं.

"चादर मळली आहे."

अक्षर चांगलं होतं, दत्तू. डाव्या हाताचं वाटत नव्हतं.

पुष्पानं तुझी चादर बदलली. तुला कुशीवर वळवलं, खालची काढली, धुतलेली घातली, चार कोपरे ताणून बसवले. मग हात धुऊन पोरीला घेऊन माझ्याकडे आली, जेवली, झोपली आणि सकाळच्या गाडीनं गेली. तू त्यानंतर आठवडाभर होतास. पाटी उशाशीच होती. चहा लिहिलास, पाणी लिहिलंस, खिडकी लावा लिहिलंस.

काल शाळेच्या पटांगणात तुझी शोकसभा होती. फोटोत तू टोपी घातली आहेस, बरा दिसतोस. बोलणारे बोलले. हल्लीचे हेडमास्तर म्हणाले की मास्तरांनी आयुष्यात कोणाचं वाईट केलं नाही. पुष्पा तेरवीला आली होती ती थांबली होती, बायकांत मागं बसली होती. मी उठले. बसा आजी म्हणून कोणीतरी माझा पदर ओढला. मी बसले नाही.

मी सगळं सांगितलं. खालून लिहायची तुझी रीत, दारात काय बजावलंस ते, साहेबासमोर काय बोललास ते. मग त्या मिशावाल्यांना विचारलं की तुम्ही सगळे खालूनच लिहीत होते, हात वर करून बसत होते, मग तिलेच उलटी काऊन म्हणत होते. ते तुझं चांगलं अक्षर काढणारे सगळे मातीत बघत बसले. कुंभाराचा लक्ष्मण तेवढा म्हणाला की आजी खरं सांगून राह्यली. हेडमास्तर म्हणाले, आता गेलेल्या माणसाबद्दल कशाला. मग दोन मिनिटं सगळे उभे राहिले आणि सभा संपली.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तेरा वर्षांनी का होईना, झालं ते गावासमोर झालं. वाटलं पुष्पा येऊन काहीतरी बोलेल.

मी तिला सोडायला गाडीच्या थांब्यापर्यंत गेले. पोर तिच्या खांद्यावर झोपली होती. मग म्हणाली, "आजी, तू काऊन बोलली?"

मी म्हणाले, खरं ते लोकांना कळायला नको का.

"लोकायले तवाही ठाऊक होतं. त्यायनंच तर खालून लिहिलं होतं. मले त्यायचं काय करायचं हाय?" तिनं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मले मास्तरआबाच्या तोंडून पाह्यजे होतं. म्हणून तर मी चादर बदलली, म्हटलं आता लिहितील. तू हजारदा सांगशील. ते गेले. आता मी उलटीच राह्यली."

गाडी आली. तिला खिडकीशी जागा मिळाली. तिनं हात केला नाही आणि मीही केला नाही.

घरी येऊन ओट्यावर बसले. तू यायच्या वेळेला माझं तोंड आपोआप तुझ्या घराकडे वळलं. मला वाटायचं तू मेलास की माझा राग जाईल. तो गेलेला नाही. तू आलास की पेपर उघडायच्या आत तुला काय बोलायचं, ते सगळं माझ्या तोंडात तयार होतं, आणि ते ऐकून घेणारं आता कोणी नाही. मी मिरच्या पुढ्यात ओढल्या आणि देठ खुडायला बसले.